मुदतीचं ज्ञान

नाशिक महापालिकेच्या हद्दीत हजार चौरस मीटरचा भूखंड असेल तर मूळ एफएसआय १.१ धरून त्यावर अकराशे चौरस मीटर बांधकाम होतं. टीडीआर आणि प्रीमियमचे हिशेब वेगळे. २०२० च्या डिसेंबरमध्ये राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत एक छोटीशी तरतूद आहे. इमारतीला ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी अथवा लीडचं सिल्व्हर मानांकन मिळालं तर मूळ एफएसआयवर ३ टक्के वाढ, चार तारे किंवा गोल्ड मिळालं तर ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनम मिळालं तर ७ टक्के. अकराशेवर ७ टक्के म्हणजे ७७ चौरस मीटर, साधारण ८३० चौरस फूट. गंगापूर रोडला एवढ्यात दोन बेडरूमचा एक फ्लॅट बसतो, आणि त्याची किंमत काय होते हे नाशिककराला सांगायला नको.

आपल्याकडे ग्रीन बिल्डिंगवर लिहायला बसलं की पंचमहाभूतं, वसुंधरा, वड-पिंपळ अशी सुरुवात करायची रीत आहे. मी ८३० फुटांपासून सुरुवात करतो, कारण आपल्या शहरातल्या बऱ्याच कार्यालयांत हा विषय त्याच वाटेनं आला. बिल्डरनं आर्किटेक्टला विचारलं, "आपल्याकडे ग्रीनचं कोण बघतं?" मग शोध सुरू झाला तो नावापुढे चार अक्षरं लावलेल्या माणसाचा. तो माणूस ती अक्षरं कशी मिळवतो, ती टिकवण्यासाठी काय करतो आणि ती मिळाल्यावर त्याला नक्की काय कळलेलं असतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. पैशाच्या वाटेनं आलेला विषय हलका ठरत नाही. कबूल केलेलं मानांकन प्रत्यक्षात मिळवलं नाही तर दंडाची तरतूदही याच नियमावलीत आहे. त्यामुळे चूक झाली तर ती नुसती कागदावर राहत नाही, खिशापर्यंत येते.

थोडा इतिहास सांगायला हवा. अमेरिकेतली ग्रीन बिल्डिंग कौन्सिल १९९३ ची. तिनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी लीड ही गुणांकन पद्धत आणली. भारतात सीआयआय या उद्योगसंघटनेच्या छत्राखाली २००१ मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, हैदराबादला सुरू झाली. तिथल्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला २००३ मध्ये लीड प्लॅटिनम मिळालं. अमेरिकेबाहेरची ती पहिली प्लॅटिनम इमारत. पुढे काही वर्षं लीडची भारतीय आवृत्ती आयजीबीसीच राबवत होती, नंतर दोघांचे रस्ते वेगळे झाले आणि आयजीबीसीनं स्वतःच्या पद्धती पुढे नेल्या. दिल्लीच्या टेरी संस्थेनं केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाबरोबर ग्रिहा उभी केली. वातानुकूलन नसलेल्या इमारतीही भारतात असतात आणि त्या चांगल्या असू शकतात, हे गृहीत धरून केलेली ही पद्धत. पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेल्या सुझलॉनच्या 'वन अर्थ' संकुलाला लीड प्लॅटिनम आणि ग्रिहाचे पाच तारे असे दोन्ही मान मिळाले. दोन्ही पद्धतींची तुलना करायची असेल तर मराठी मुलखात त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही. जागतिक बँक गटातल्या आयएफसीची एज ही चौथी पद्धत. ऊर्जा, पाणी आणि सामानात दडलेली ऊर्जा या तिन्हींत किमान २० टक्के बचत दाखवा, एवढंच ती मागते.

प्रत्येक पद्धतीनं आपापली माणसंही घडवली: लीड ग्रीन असोसिएट, त्याच्या वरचा लीड एपी (ॲक्रेडिटेड प्रोफेशनल), आयजीबीसी एपी, ग्रिहाचा सर्टिफाइड प्रोफेशनल, एज एक्स्पर्ट. नवशिक्याला ही नावं ऐकून वाटतं की हे परवाने आहेत. ते परवाने नाहीत, आणि हा फरक पहिल्याच पानावर समजून घेतलेला बरा. महापालिकेत नकाशा दाखल करायचा तर आर्किटेक्ट, परवानाधारक इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर अशी तांत्रिक व्यक्तींची यादी नियमावलीच्या परिशिष्टात दिली आहे. कोण कशावर सही करू शकतो हे तिथं लिहिलेलं आहे. त्या यादीत एपी कुठेच नाही. तो सल्लागार आहे, त्याची सही नसली तरी इमारत उभी राहते.

अर्थात ज्यांना आपण पक्का परवाना समजतो त्यांचंही कुंपण फार उंच नसतं. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ चा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतो, त्या प्रकारचं काम इतरांनी करण्यावर सरसकट बंदी घालत नाही. सिव्हिल इंजिनिअरांसाठी तर देशपातळीवर वकील-डॉक्टरांसारखी वैधानिक नोंदवहीच नाही. अशा देशात ऐच्छिक प्रमाणपत्रांना भाव येणारच. गिऱ्हाइकाला माणूस पारखायला काहीतरी खूण लागते.

या सगळ्यात कायद्याचा खरा आधार असलेलं एक प्रमाणपत्र आहे आणि ग्रीनच्या चर्चेत ते मागे पडतं. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, स्थापन झाली आणि तिनं एनर्जी मॅनेजर व एनर्जी ऑडिटर यांच्यासाठी राष्ट्रीय परीक्षा सुरू केली. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. बॉयलर, पंप, पंखे, कॉम्प्रेसर, भट्ट्या यांचं खरंखुरं गणित त्यात करावं लागतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्स सांभाळणारी माणसं ही परीक्षा देतात. माझं मत विचाराल तर या शहरात ग्रीन बिल्डिंगचं काम करू पाहणाऱ्या तरुण इंजिनिअरनं आधी ही परीक्षा द्यावी आणि मग बाकीच्यांकडे वळावं. पाण्याचा पंप चुकीच्या क्षमतेचा बसवला आहे हे ज्याला मीटर बघून कळतं, त्याला पुढची अक्षरं शोभतात.

आता एक गमतीची गोष्ट. लीडमध्ये एकूण ११० गुण असतात. ४० ला प्रमाणपत्र, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. या गुणांपैकी एक गुण प्रकल्पाच्या चमूत लीड एपी असल्याबद्दल मिळतो. आयजीबीसीतही तशीच सोय आहे. म्हणजे परीक्षा पास झालेला माणूस बिल्डरच्या वहीत पहिल्यांदा दिसतो तो एक गुण म्हणून. सौरऊर्जेचे पॅनेल, पावसाचं पाणी, कमी वासाचा रंग आणि हा माणूस, सगळे एकाच तक्त्यात. काही कार्यालयांत त्याच्याकडून तेवढंच अपेक्षित असतं: नाव द्या, टेम्पलेट भरा, फोटो अपलोड करा. तरुणांनी हे ओळखून असावं. गुणापुरता ठेवलेला माणूस नकाशा मंजूर झाल्यावर बोलावला जातो, आणि तोवर इमारतीची दिशा, खिडक्यांचं प्रमाण, जिन्याची जागा, सगळं ठरून गेलेलं असतं. उरतात ते नळाचे एरेटर आणि दिवे. पश्चिमेकडे वळलेली इमारत एरेटरनं थंड होत नाही.

परीक्षांबद्दल बोलताना आपल्या व्यवसायात दोन टोकं दिसतात. कोणी म्हणतं हे सगळं घोकंपट्टीचं काम आहे, कोणी सर्टिफिकेट फ्रेम करून रिसेप्शनला लावतं. लीड ग्रीन असोसिएटची परीक्षा दोन तासांत शंभर प्रश्नांची, २०० च्या मापावर १७० ला उत्तीर्ण. प्रश्न बहुपर्यायी आणि परीक्षा संगणकावर. पाठांतर बरंच लागतं हे खरं. पण या अभ्यासाचा एक फायदा मी अनेकांत पाहिला आहे. आपल्याकडे आर्किटेक्टला प्लंबिंगचं काही विचारलं तर तो कन्सल्टंटकडे बोट दाखवतो, कन्सल्टंटला उजेडाचं विचारलं तर तो आर्किटेक्टकडे. या परीक्षेसाठी आर्किटेक्टला कूलिंग टॉवर वाचावा लागतो आणि इंजिनिअरला सूर्याची वाट. दोन महिने का होईना, माणूस आपल्या खोलीबाहेर येतो. कॉलेजच्या पाच वर्षांत जे झालं नाही ते यात होतं, आणि त्यासाठी तरी परीक्षा द्यावी.

परीक्षेला न दिसणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. लीडच्या जुन्या आवृत्त्यांत सामान 'स्थानिक' मानलं जाण्याची मर्यादा ५०० मैलांची होती, म्हणजे ८०० किलोमीटरच्या थोडी वर. नाशिकवर टोक ठेवून नकाशावर कंपास फिरवला तर हैदराबाद सहज आत येतं, आणि राजस्थानातलं मकराणाही कडेला का होईना बसतं. संगमरवर ट्रकनं राजस्थानातून आणा, तो स्थानिक. अमेरिकेच्या पसाऱ्यात हे माप शहाणपणाचं असेल, आपल्याकडे त्याचं हसू होतं. पुढच्या आवृत्तीत हे अंतर १०० मैलांवर आलं. सायकल उभी करायला स्टँड आणि अंघोळीची सोय केली तर गुण, हाही नियम बराच गाजला. अंबडच्या कारखान्यांत कामगार कित्येक वर्षं सायकलनंच येत होते, तेव्हा त्याबद्दल कोणी तारे दिले नाहीत. आता तेच कामगार मोटारसायकलवर आहेत आणि स्टँड रिकामे आहेत.

पण ५०० चे १०० झाले ही गोष्टच मुदतीच्या मुद्द्यावर आणून सोडते. लीडची चौथी आवृत्ती २०१३ ची, ४.१ नंतरची, पाचवी एप्रिल २०२५ ची. ग्रिहाची २०१५ ची आवृत्ती आणि मग २०१९ ची. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये बदलली, २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर ती शाश्वततेचे नियम पोटात घेऊन पुन्हा नव्यानं लिहिली गेली. घरांसाठीची इको-निवास संहिता २०१८ ची. २०१४ ला परीक्षा पास झालेला आणि त्यानंतर पुस्तक न उघडलेला माणूस आज ज्या नियमांवर सल्ला देईल त्यांतले बरेचसे आता अस्तित्वातच नाहीत. गाडीच्या पीयूसीसारखं आहे हे. त्या तारखेला धूर मर्यादेत होता, एवढंच तो कागद सांगतो.

म्हणून प्रमाणपत्र टिकवण्याचे नियम आले. लीडच्या बाबतीत दर दोन वर्षांनी ग्रीन असोसिएटनं १५ तासांचं आणि एपीनं ३० तासांचं शिक्षण दाखवायचं असतं. त्यातले अनुक्रमे तीन आणि सहा तास लीडशी थेट संबंधित असावे लागतात. वर्ग, प्रकल्पावरचं काम, लेखन, स्वयंसेवा, असे तास मिळवण्याचे मार्ग आहेत. मुदत चुकली तर प्रमाणपत्र जातं आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. या नियमाचा इतिहास बोलका आहे. २००९ च्या आधी जे पास झाले त्यांना ही अट नव्हती. नवी पद्धत आल्यावर त्यांनी विशेष शाखा न निवडता जुनं 'लीड एपी' तसंच ठेवलं तर ते आजन्म राहतं. सगळ्यात आधी शिकलेल्यांना पुन्हा शिकण्यातून सूट मिळाली. अशा जुन्या एपींत या क्षेत्राचे पाया घालणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल अनादर नाही. पण कार्ड बघून हा फरक गिऱ्हाइकाला कळत नाही.

तास कसे भरले जातात हे मात्र उघड गुपित आहे. दुपारी जेवणानंतरचा वेबिनार, कॅमेरा बंद, आवाज बंद, माणूस साइटवर स्लॅबचं काम बघतोय. शेवटी चार प्रश्न, बरोबर येईपर्यंत उत्तरं, तास जमा. वक्ता बहुधा काच, रंग किंवा इन्सुलेशन विकणाऱ्या कंपनीचा. काचेबद्दल काच विकणाऱ्याकडून शिकायला हरकत नाही, त्याला ती सगळ्यांत जास्त कळते. फक्त एक प्रश्न तो कधीच विचारणार नाही: इथं एवढी काच लागते का? ऊर्जा संहितेत भिंतीच्या क्षेत्रफळात खिडक्यांचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत धरलेलं आहे. नाशिकच्या ऑफिस इमारतीला उत्तरेकडून त्याच्या निम्म्यातही भरपूर उजेड मिळतो.

हा प्रश्न विचारायला नाशिक माहीत असावं लागतं, आणि या पुस्तकाचा मधला मोठा भाग त्यासाठीच आहे. संहितेनं देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत: उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. विभाग करायलाच हवेत, नाहीतर गणित सुरूच होत नाही. आपला जिल्हा मात्र त्या रेषांना जुमानत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, येवल्याला पाचशेच्या आसपास. मालेगावचा मे महिना विदर्भाशी स्पर्धा करतो आणि निफाडच्या जानेवारीत द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर पाणी. त्या हिशेबानं येवल्याच्या गच्चीवर वर्षाला पन्नास हजार लिटर पडतं, इगतपुरीच्या गच्चीवर तीन लाख. गळती आणि बाष्पीभवन धरून पाचवा हिस्सा वजा करा. परीक्षेतलं गणित इथं संपतं. जमिनीवरचं इथून सुरू होतं. इगतपुरीला पावसाळ्यात जमीन तृप्तच असते, तिथं पाणी मुरवण्यापेक्षा ते एप्रिलपर्यंत साठवून ठेवणं महत्त्वाचं, कारण एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात तिथल्या वाड्या-पाड्यांत हंडे रांगेत लागतात. येवल्याला प्रत्येक थेंब विहिरीकडे वळवायला हवा.

आणि मुरवायचं म्हटलं तरी कुठे? नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडाला पावसाचं पाणी संकलित करण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. नकाशावर एक चौकोन काढला जातो, साइटवर दहा फूट खड्डा होतो, त्यात दगड-विटांचे तुकडे भरले की फोटो तयार. पण आपण बेसाल्टवर बसलो आहोत. वर काळी माती, ती पाणी पटकन आत घेत नाही. खाली मुरूम, तो घेतो. त्याखाली कुठे मांजऱ्या खडक, जो झिजलेला असेल तर पाणी धरतो, आणि कुठे एकसंध काळा पाषाण, ज्यातून फक्त भेगांतूनच पाणी जातं. हे थर एकाच कॉलनीत शंभर फुटांवर बदलतात. काळ्या मातीत किंवा पाषाणावर थांबलेला खड्डा पहिल्या पावसात भरतो आणि तुंबतो, मग डासांची तक्रार येते आणि सोसायटी त्यावर फरशी टाकून मोकळी होते. त्या खड्ड्याचे गुण आधीच मिळालेले असतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा भूवैज्ञानिक किंवा अनुभवी बोअरवाला जागेवर आणून विचारलं असतं तर जागा दहा मीटर सरकली असती, एवढंच. सल्लागारानं त्या दिवशी साइटवर घालवलेला तास कोणत्याही वेबिनारपेक्षा मोलाचा आहे आणि तो मोजण्याची पद्धतही आहे, प्रकल्पावरच्या कामाच्या सदरात. फार थोडे लोक ते सदर मनापासून भरतात.

उन्हाचंही तसंच. नाशिकची खरी मिळकत म्हणजे संध्याकाळ. मेमध्येही दिवसभर तापल्यावर रात्री बराच उतार पडतो. जड भिंत दिवसाची उष्णता अडवून धरते आणि रात्री खिडक्या उघडल्या की ती सोडून देते. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांची जाड भिंत, गल्लीकडच्या लहान खिडक्या आणि मधला चौक यांचं काम याच तत्त्वावर चालत असे. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा आत जाऊन पाहण्यासारखा आहे. वाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांत मी नाही. अंधार, ओल, धूर आणि दर पावसाळ्यात एखादी भिंत कोसळल्याची बातमी, हेही वाड्यांचंच. पण त्यांचं तत्त्व आजच्या आकड्यांत मांडता येतं. इको-निवास संहिता म्हणते की छत वगळता घराच्या बाहेरच्या आवरणातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या वर जाऊ नये. थंड प्रदेश सोडून सगळीकडे हाच आकडा. नाशिकमध्ये तो गाठायला फार काही लागत नाही. पश्चिमेच्या खिडक्या लहान करायच्या, त्यांवर बऱ्यापैकी छज्जा द्यायचा, आणि भिंतीला एएसी ब्लॉक किंवा फ्लायॲशची वीट वापरायची. राख लांबून आणावी लागत नाही, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र शेजारीच आहे.

गच्चीची गोष्ट तर मजेची आहे. पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक आपल्याकडचे मिस्त्री कितीतरी वर्षं वॉटरप्रूफिंगवर बसवत आले आहेत. गळती थांबते आणि खालची खोली थंड राहते, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मानांकनाच्या भाषेत आता त्याला सौर परावर्तन निर्देशांक म्हणतात आणि त्याचे गुण मिळतात. तरीही मी अशा इमारती पाहिल्या आहेत जिथं गुणांसाठी परदेशी कोटिंग लावलं, दोन पावसाळ्यांत शेवाळ आणि धुळीनं ते काळं पडलं, आणि परावर्तनाचा आकडा फक्त फाइलमध्ये पांढरा राहिला.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात झालेल्या संशोधनावर आधारित एक प्रारूप घेतलं आहे. भारतीय माणूस बाहेरच्या हवेनुसार स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे त्याला सुखकर वाटणाऱ्या तापमानाचा पट्टा पाश्चात्त्य ऑफिसांपेक्षा जास्त रुंद असतो, असं ते मांडतं. नाशिकमधल्या ऑफिसांनी हे मनावर घेतलं तर निम्मं वर्ष एसीशिवाय जाईल. या एका विषयावर इथल्या कोणत्याही सल्लागारानं आपले तीस तास खुशाल खर्च करावेत.

इमारत वापरात आली की मानांकनाच्या जगात एक विचित्र शांतता पसरते. भोगवटा दाखला मिळतो, पाटी लागते, चमू पांगतो. बीईईचं ऑफिस इमारतींसाठीचं तारांकन मात्र इथून सुरू होतं. ते नकाशे विचारतच नाही, एका वर्षात दर चौरस मीटरला किती युनिट वीज लागली हे बिलांवरून विचारतं. ग्रिहाचं मानांकनही पाच वर्षांसाठीच असतं, नंतर ते पुन्हा तपासून घ्यावं लागतं. म्हणजे माणसाच्या प्रमाणपत्राला मुदत आहे तशी इमारतीच्या ताऱ्यांनाही आहे. पण या दोन मुदती एकमेकींशी बोलत नाहीत. सल्लागाराला नूतनीकरणाच्या वेळी कोणी विचारत नाही की पाच वर्षांपूर्वी तू ज्या इमारतीला प्लॅटिनम मिळवून दिलंस तिचं वीजबिल आज किती येतं. मला वाटतं, तीसपैकी निदान दहा तास आपण आधी केलेल्या इमारतींत परत जाऊन घालवणं सक्तीचं करावं. मीटर वाचायचे, पंपमनशी बोलायचं, सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालू आहे की वीज वाचवण्यासाठी बंद ठेवली आहे ते बघायचं. संस्थांनी सक्ती केली नाही तरी स्वतःहून करायला कोणाची परवानगी लागत नाही.

याला आड येणारी गोष्ट साधी आहे. सल्लागाराचे पैसे बिल्डर देतो आणि बिल्डरचा संबंध ताबा दिला की संपतो. पुढची बिलं सोसायटी भरते. मानांकन तपासणारी संस्था वेगळी असते हे ठीक, पण तिच्यापुढे जाणारे कागद सल्लागारच तयार करतो. यातून फसवणूक होतेच असं नाही. मात्र फोटो काढण्याच्या दिवशी जे दिसतं त्यालाच महत्त्व येतं. गृहनिर्माण सोसायटीनंच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःचा एनर्जी ऑडिटर नेमला तर बरंच काही सुधारेल. त्याच्या फीचा आकडा ऐकून वार्षिक सभेत गोंधळ होईल हे मला माहीत आहे. सभेत जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पंप यांच्या बिलाचा आकडा शेजारी ठेवावा.

नाशिकला या कामात एक नैसर्गिक फायदा आहे, ज्याचा आपण पुरेसा उपयोग केलेला नाही. दिंडोरी रोडवरची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ पासून इथं आहे. माती, काँक्रीट, धरणं यांच्या चाचण्यांसाठी राज्यभरातून लोक तिथं येतात. सरकारी अभियंत्यांना नोकरीत आल्यावर आणि पुढे मधूनमधून प्रशिक्षण देणारी मेटा ही प्रबोधिनीही नाशिकलाच. शिकून झालेल्या इंजिनिअरला पुन्हा वर्गात बसवायची सवय या शहराला जुनी आहे. खासगी क्षेत्रातल्या आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या संघटना, इथली आर्किटेक्चर कॉलेजं आणि ही दोन ठिकाणं यांनी मिळून वर्षातून चार चांगले वर्ग घेतले तर हैदराबाद-दिल्लीच्या वेबिनारवर विसंबायचं कारण उरणार नाही. सिंहस्थाच्या निमित्तानं शहरात एवढं बांधकाम चालू असताना वर्गासाठी साइटही शोधायला नकोत.

त्या वर्गात कोण बसावं याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर आहेतच, पण शेवटी डक्टचा सांधा बंद करणारा, पाइपांवर इन्सुलेशन गुंडाळणारा, खिडकीच्या चौकटीभोवती सीलंट भरणारा हात दुसऱ्याचाच असतो. त्या माणसासाठी यातली एकही परीक्षा नाही. प्लंबर, वायरमन, सुपरवायझर, सोसायटीचा पंपमन आणि मॅनेजर यांना दोन दिवसांचा मराठी वर्ग आणि एक साधा दाखला मिळाला तर एपीच्या अक्षरांना अर्थ येईल. हे पुस्तक मराठीत असण्याचा फायदा परीक्षार्थींना होईल, कारण परीक्षा इंग्रजीत असली तरी समजूत आधी आपल्या भाषेत पक्की झालेली बरी. पण माझी जास्त आशा आहे ती साइट ऑफिसच्या टेबलावर सिमेंटचे डाग पडलेल्या प्रतीवर.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल थोडं. ज्यांना परीक्षाच द्यायची आहे त्यांनी शेवटचा भाग आधी वाचायला हरकत नाही, तिथं प्रत्येक प्रमाणपत्राची पात्रता आणि अभ्यासाचा क्रम आहे. शुल्क आणि तारखा मुद्दाम दिलेल्या नाहीत, त्या पुस्तक छापून होईपर्यंत बदलतात, संस्थांच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आधीच आहे त्यांनी पाऊस आणि खडकाच्या प्रकरणापासून सुरू करावं. आणि जे यांपैकी कोणीच नाहीत, फक्त एखाद्या 'ग्रीन' म्हणवणाऱ्या इमारतीत राहतात, त्यांनी ऊर्जेचं प्रकरण उघडण्याआधी सोसायटीच्या सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून ठेवावीत. तिथली गणितं त्या आकड्यांवर करायची आहेत.